लोप, लुक् आणि आदेश : विद्युज्जालाच्या संक्षिप्त प्रतिमानांची भाषा

ब्रायन स्टॉट, जॉर्ज जार्डिम आणि ऑन्गुन अलसाच या तीन अभियंत्यांचा ‘डीसी पॉवर फ्लो रीव्हिजिटेड’ हा निबंध २००९ साली ‘आयईईई ट्रॅन्झॅक्शन्स ऑन पॉवर सिस्टम्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्युत् अभियांत्रिकीच्या वर्तुळात त्याची योग्य ती दखल घेतली गेली. तथापि तो भाषेच्या अभ्यासकाच्याही कामाचा आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. एका अयथार्थ नावाखाली किती भिन्नभिन्न वस्तू नांदत असतात आणि त्या नावाच्या आधाराने त्या एकमेकींची पत कशी वापरतात, याचा तो नमुनेदार दस्तऐवज आहे. प्रस्तुत समीक्षेचा विषय तो निबंध आणि त्याच्या मागे उभी असलेली सुमारे सत्तर वर्षांची लेखनपरंपरा हा होय.

प्रथम नावाचा विचार. ज्या वीजजालाचे गणित या रीतीने करावयाचे ते प्रत्यावर्ती प्रवाहाचे असते; त्यात एकदिश प्रवाहाचा, म्हणजे अभियंते ज्याला ‘डीसी’ म्हणतात त्याचा, लवलेशही नसतो. मग हे नाव आले कोठून? अंकीय संगणक उपलब्ध होण्यापूर्वी जालाचे वर्तन अभ्यासण्यासाठी त्याची छोटी प्रतिकृती फळ्यावर मांडीत. प्रत्येक प्रेषणवाहिनीच्या जागी एक रोध जोडावयाचा, त्याचे मान वाहिनीच्या रिअ‍ॅक्टन्सच्या प्रमाणात ठेवावयाचे, फळ्याला साधा एकदिश प्रवाह पुरवावयाचा आणि मापकावर जितके अँपिअर दिसतील ते मेगॅवॅट समजून वाचावयाचे, अशी ती युक्ती होती. (प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी अधिक खर्चिक यंत्रेही होती, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील असे यंत्र १९२९ चे आहे.) म्हणजे एकदिश होता तो फळ्यावरचा प्रवाह, जालातला नव्हे. फळा गेला, मापक गेले, बॅटऱ्या गेल्या. नाव मात्र समीकरणांना चिकटून राहिले. तिळापासून निघते ते तैल, पण खोबऱ्यापासून निघालेल्यालाही आपण निःशंकपणे तेलच म्हणतो, तसाच हा प्रकार. अर्थविस्ताराची अशी उदाहरणे प्रत्येक भाषेत सापडतात आणि त्यांनी सहसा कोणाचे नुकसान होत नाही. येथे होते की नाही, हा प्रश्न आहे.

या प्रतिमानात काय गाळले जाते ते पाहिले पाहिजे. वाहिनीचा शुद्ध रोध तिच्या रिअ‍ॅक्टन्सच्या मानाने नगण्य धरतात, त्यामुळे वाटेत होणारी शक्तिहानी शून्य होते. प्रत्येक गाठीचा विद्युत् दाब एक एकक इतका स्थिर मानतात. दोन गाठींमधील कलाकोनाचा फरक लहान आहे असे धरून त्या कोनाच्या ज्येऐवजी, म्हणजे साइनऐवजी, कोनच घेतात. एवढे केले की वाहिनीतील शक्तिप्रवाह म्हणजे दोन टोकांच्या कलाकोनांतील फरक भागिले रिअ‍ॅक्टन्स, इतके सुटसुटीत सूत्र उरते, आणि सगळे जाल एकघात समीकरणांचा एक संच बनते. समजा, सारख्याच तीन वाहिन्यांनी जोडलेल्या तीन गाठींचा त्रिकोण आहे. एका गाठीत ३०० मेगॅवॅट वीज निर्माण होते आणि दुसरीत ती सगळी वापरली जाते. सरळ वाटेपेक्षा तिसऱ्या गाठीवरून जाणारी वाट दुप्पट लांबीची. म्हणून २०० मेगॅवॅट सरळ जातील, १०० वळसा घेऊन. हे उत्तर पाटीवर काढता येते, आणि बहुतेक प्रसंगी ते खऱ्या उत्तराच्या जवळपास असते. कोन १० अंशांचा असेल तर ज्येऐवजी कोन घेतल्याने होणारी चूक अर्ध्या टक्क्याइतकी आहे. ३० अंशांना ती पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जाते. गणिताच्या दृष्टीने ही फार मोठी किंमत नव्हे.

किंमत वेगळ्या ठिकाणी द्यावी लागते. दोन गाठी आणि त्यांना जोडणारी एकच वाहिनी घ्यावी. तिचा रिअ‍ॅक्टन्स अर्धा एकक आणि दोन्ही टोकांचा दाब एक एकक असावा. अशा वाहिनीतून जास्तीत जास्त दोन एकक शक्ती नेता येते. कोन ९० अंशांवर पोचला की त्यापुढे एक कणही अधिक जाणार नाही. आता डीसी प्रतिमानाला विचारावे की अडीच एकक शक्ती न्यावयाची आहे, तर कोन किती होईल? प्रतिमान शांतपणे सांगते की सव्वा रेडियन, म्हणजे सुमारे ७२ अंश. ज्या प्रश्नाला निसर्गात उत्तरच नाही त्याचे उत्तर ते देते, आणि ते देताना त्याचा स्वर किंचितही बदलत नाही. पूर्ण समीकरणे सोडविणारी रीत अशा ठिकाणी अडखळते, उत्तराकडे सरकण्याऐवजी भटकू लागते. आणि तिचे ते अडखळणे हीच अभियंत्याला मिळालेली सूचना असते. डीसी रीत कधीच अडखळत नाही. हा तिचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो. तो गुण आहेच. पण जो साक्षीदार कोणत्याही प्रश्नाला ‘ठाऊक नाही’ असे म्हणत नाही, त्याच्या साक्षीचे मोल न्यायाधीशाला वेगळ्या रीतीने ठरवावे लागते.

स्टॉट आणि त्यांच्या सहलेखकांचा निबंध या बाबतीत प्रामाणिक आहे. डीसी प्रतिमान नावाची एकच वस्तू नसून ते एक कुळ आहे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. आधारस्थितीचे पूर्ण उत्तर हाताशी असताना त्यावरून स्थिरांक बेतलेली प्रतिमाने वेगळी आणि असे कोणतेही उत्तर नसताना केवळ वाहिन्यांच्या मानांवरून उभारलेली प्रतिमाने वेगळी. पहिल्यांवर जितका भरवसा ठेवता येतो तितका दुसऱ्यांवर नाही. शक्तिहानी कोणाच्या माथी मारावी, याच्याही अनेक तऱ्हा आहेत. अचूकता ही जालागणिक आणि प्रसंगागणिक बदलते, तिची सरसकट हमी देता येत नाही, असा त्यांचा एकंदर अभिप्राय आहे. वीजबाजारात गर्दीच्या वाहिन्यांवरील किमती याच एकघात प्रतिमानावरून काढल्या जाऊ लागल्यानंतर हे कोणीतरी सांगणे आवश्यकच होते. कारण प्रतिमानातून जे वगळले ते किमतीतूनही वगळले जाते, आणि ज्याला किंमत नाही ते कोणी पुरवीत नाही.

निबंधाची उणीव त्याच्या भाषेत आहे. लेखकांना नाव अयथार्थ असल्याचे माहीत आहे. ते नावाचा उगमही सांगतात. आणि मग ‘डीसी’ या अक्षरांभोवती अवतरणचिन्हे घालून पुढे जातात. अवतरणचिन्हांनी अपराध कबूल होतो, दुरुस्त होत नाही. जी वर्गवारी त्यांनी निबंधाच्या पोटात केली तीच नावात उतरविली असती, तर पुढल्या लेखकांना ‘आम्ही डीसी प्रतिमान वापरले’ एवढ्या एका वाक्यावर सुटता आले नसते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘सरलीकरण’ या शब्दाखाली अभियंते ज्या क्रिया एकत्र करतात त्यांची जातच भिन्न आहे, हा भेद या निबंधाच्या कक्षेत येत नाही. तो पाहण्यासाठी एक जुने शास्त्र उपयोगी पडते.

पाणिनीच्या व्याकरणात एखादा घटक नाहीसा होण्याला एकच नाव पुरत नाही. लोप झालेला प्रत्यय दिसेनासा होतो, पण त्याच्यामुळे जे कार्य व्हावयाचे ते होतेच. ‘अग्निचित्’ या शब्दात क्विप् प्रत्ययाचे एकही अक्षर शिल्लक राहत नाही. तरी त्या प्रत्ययामुळे आलेला शेवटचा तकार तेथे साक्षीला उभा असतो. याउलट लुक् या संज्ञेने प्रत्यय गेला की अंगावरील त्याचे कार्यही त्याच्याबरोबर जाते. ‘गार्ग्य’ या एकवचनात प्रत्ययामुळे आदिस्वराची वृद्धी झालेली दिसते. ‘गर्गाः’ या अनेकवचनात प्रत्ययाचा लुक् होतो आणि वृद्धीही राहत नाही. डोळ्यांना दोन्हीकडे दिसते ते एकच, अभाव. शास्त्राला मात्र त्या दोन अभावांत फरक करावा लागला, कारण मागे काय उरते यावर पुढचे सगळे नियम अवलंबून होते. वीजजालाच्या प्रतिमानांना हाच भेद लावून पाहिला तर त्यांची पांगापांग आपोआप होते.

लोपाचे शुद्ध उदाहरण म्हणजे गॅब्रिएल क्रॉनच्या नावाने ओळखली जाणारी क्षपणाची रीत. क्रॉन १९०१ साली तेव्हाच्या हंगेरीत जन्मला, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्याने काम केले, आणि १९३९ साली ‘टेन्सर अ‍ॅनॅलिसिस ऑफ नेटवर्क्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ दुर्गम आहे, याविषयी त्याच्या चाहत्यांतही दुमत नसावे; साध्या परिपथांवर टेन्सरांचा एवढा भार का, असा प्रश्न वाचकाला पडतो. पण त्या भाराखाली दडलेली कल्पना सोपी आहे. ज्या गाठीत बाहेरून प्रवाह येत नाही किंवा जात नाही, ती समीकरणांतून काढून टाकता येते आणि तिचा सगळा प्रभाव उरलेल्या गाठींच्या परस्परसंबंधांत मुरवता येतो. याचे सर्वांत लहान रूप आर्थर केनेलीने १८९९ सालीच दाखविले होते: तीन एक-एक ओहमच्या रोधांची चांदणी मधल्या गाठीसह काढून तिच्या जागी तीन-तीन ओहमचा त्रिकोण ठेवला, तर बाहेरून मोजणाऱ्याला काडीचाही फरक कळणार नाही. मधली गाठ गेली. तिचे कार्य राहिले. हाच लोप. फ्लोरियान ड्यॉर्फलर आणि फ्रांचेस्को बुलो यांनी २०१३ साली या क्रियेचा आलेखसिद्धांताच्या अंगाने जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातूनही हीच गोष्ट नेमकेपणाने पुढे येते. केवळ रोधांच्या जालात, राखलेल्या कोणत्याही दोन गाठींमधील परिणामी रोध क्षपणानंतर जसाच्या तसा राहतो.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाकडे लक्ष वेधणे इष्ट होईल. गाठी कमी झाल्या म्हणजे जाल सोपे झाले, असे नाही. तीन पायांच्या चांदणीचा त्रिकोण होतो, तेव्हा तीनांचे तीनच राहतात. चार पायांच्या चांदणीच्या जागी सहा वाहिन्या येतात. दहा पायांची गाठ काढली तर मागे पंचेचाळीस वाहिन्यांचे जाळे उरते. खऱ्या वीजजालात एखादी गाठ तिच्या दोनचार शेजाऱ्यांनाच जोडलेली असते, त्यामुळे तिचा आव्यूह बहुतांशी शून्यांनी भरलेला असतो. क्षपणाने ती शून्ये भरली जातात. या शून्यांची किंमत ओळखली ती ओरेगनमधील बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या संस्थेतील विल्यम टिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. १९६३ आणि १९६७ मधील त्यांच्या निबंधांचे सार असे की गाठी कोणत्या क्रमाने काढावयाच्या ते नीट ठरविले, तर मोठे जाल न आक्रसताही वेगाने सोडविता येते. न्यूटनची रीत टिनी आणि हार्ट यांनी १९६७ साली भारप्रवाहाला लावून यशस्वी केली, ती याच आधारावर. सूत्रवाङ्मयाशी परिचय असलेल्यांना हे नवीन वाटू नये. सूत्र आखूड होते तेव्हा भाष्य लांबते. अक्षरांची बचत आणि आकलनाची सुलभता या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही. संक्षिप्त आणि सुलभ हे शब्द अभियंत्यांच्या लेखनात एकमेकांचे पर्याय म्हणून फिरतात, त्यावर टिनीचे काम हे चोख उत्तर आहे.

क्रॉनची क्रिया अचूक आहे हे मान्य केल्यावर तिचा उपयोग कसा होतो तेही पाहावे. जनित्रांच्या स्थैर्याचा विचार करताना पाठ्यपुस्तकी रिवाज असा, की प्रत्येक जनित्र म्हणजे ठराविक रिअ‍ॅक्टन्समागचा एक स्थिर दाब. प्रत्येक भार, म्हणजे गिरण्या, पंप, घरातले दिवे, म्हणजे एक स्थिर संरोध. आणि मग भाराच्या सगळ्या गाठी क्रॉनच्या रीतीने काढून केवळ जनित्रांचे जाल उरवावयाचे. शहरेच्या शहरे समीकरणातून नाहीशी होतात. ती नाहीशी होणे बिनचूक आहे, यात शंका नाही. पण भाराला स्थिर संरोध ठरविणे हे बिनचूक नव्हते, आणि ते काम आधीच्या ओळीत उरकलेले असते. दाब घसरला तर स्थिर संरोध दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी शक्ती घेईल. शेतावरचा पंप वा वातानुकूलनाचे यंत्र फिरविणारी मोटर तसे करीत नाही, ती उलट अधिक प्रवाह ओढते. चूक पहिल्या पायरीवर होते, अचूकपणा दुसऱ्या पायरीचा असतो, आणि वाचकाला सांगताना दुसऱ्या पायरीचा तेवढा उल्लेख होतो. अचूक क्रियेने आपली प्रतिष्ठा शेजारच्या अंदाजाला उसनी द्यावी, हा प्रकार शास्त्रीय गद्यात जितका आढळतो तितका क्वचितच कोठे आढळत असेल.

वॉर्डची १९४९ ची सममूल्य परिपथांची कल्पना ही तिसऱ्या जातीची. एखाद्या मंडळाला स्वतःच्या जालाचा अभ्यास तपशिलाने करावयाचा असतो. सीमेपलीकडील जाल मात्र हवे असते ते केवळ पार्श्वभूमीसारखे. वॉर्डने पलीकडचे सगळे काढून सीमेवरील गाठींत काही काल्पनिक वाहिन्या आणि काही काल्पनिक आवक-जावक बसविली. व्याकरणाच्या परिभाषेत हा आदेश होय: मूळ स्थानी गेला, त्याच्या जागी दुसरा आला, आणि त्याने स्थानीसारखे वागावे अशी अपेक्षा राहिली. पाणिनीनेही आदेशाला स्थानीचे अधिकार दिले, पण सरसकट नव्हे. जेथे मूळ वर्णावरच विधी अवलंबून आहे तेथे ते अधिकार त्याने काढून घेतले. वॉर्डच्या आदेशाची मर्यादाही अशीच आहे. ज्या स्थितीत तो बेतला त्या स्थितीत तो हुबेहूब स्थानीसारखा वागतो. स्थिती बदलली, अलीकडची एखादी वाहिनी तुटली, सीमेवरचा दाब खाली आला, की पलीकडची खरी जनित्रे दाब सावरण्यासाठी जी रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती पाठवतील ती हा आदेश पाठवीत नाही. त्याच्या अंगी तो गुणच नाही. मोन्तिसेली, डेकमन, गार्सिया आणि स्टॉट यांनी १९७९ साली सुचविलेला सुधारित आदेश याच उणिवेवरचा उपाय होता. अभियंत्यांच्या भाषेत ‘सममूल्य’ हे विशेषण एकटेच येते. ते कशाच्या बाबतीत आणि कोठपर्यंत सममूल्य, हे सांगणारे क्रियाविशेषण त्याला जोडण्याचा रिवाज पडला नाही. भाषेच्या दृष्टीने ही केवढीशी गोष्ट! पण सीमेच्या अलीकडे बसलेल्या माणसाचे सगळे निर्णय त्या न लिहिलेल्या क्रियाविशेषणावर टेकलेले असतात.

आता पुन्हा स्टॉट आणि अलसाच यांच्याकडे यावयास हवे. कारण २००९ च्या पस्तीस वर्षे आधी, १९७४ साली, याच दोघांनी ‘फास्ट डीकपल्ड लोड फ्लो’ हा निबंध लिहिला होता, आणि तो या सगळ्या परंपरेतील सर्वांत देखणा आहे. त्यातही मेगॅवॅट आणि कलाकोन यांची जोडी एकीकडे, रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती आणि दाब यांची जोडी दुसरीकडे, अशी फारकत केलेली आहे. त्यातही रोध गाळलेले आहेत, ज्येऐवजी कोन घेतलेले आहेत. वरवर पाहणाऱ्याला ती डीसी प्रतिमानाचीच भावंडे वाटतील. परंतु एक भेद निर्णायक आहे. हे सगळे गाळणे केवळ पुढचे पाऊल कोठे टाकावे ते ठरविणाऱ्या आव्यूहात झाले. पोचलो की नाही हे तपासणाऱ्या समीकरणांतून एक अक्षरही गाळलेले नाही. म्हणून या रीतीने मिळालेले उत्तर संपूर्ण समीकरणांचे उत्तर असते; संक्षेप झाला तो वाटेचा, विधानाचा नव्हे. आव्यूह एकदाच तयार करून पुनःपुन्हा वापरता येत असल्याने तत्कालीन संगणकांना ती रीत मानवली आणि अल्पावधीत सर्वत्र पसरली. रोध नेमके कोठे गाळावेत हे त्या दोघांनी मुख्यतः प्रयोगाने ठरविले होते. ते तसे का चालते याची समाधानकारक उपपत्ती मोन्तिसेली, गार्सिया आणि साव्हेद्रा यांनी १९९० साली दिली. ज्यांनी १९७४ साली वाट आणि विधान यांतील भेद एवढ्या कौशल्याने राखला, त्यांनीच २००९ साली तो भेद शब्दांत सांगू नये, ही थोडी खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. त्यांच्याइतका अधिकार त्या वाक्याला दुसऱ्या कोणाचा आला नसता.

डीसी प्रतिमान, या दृष्टीने, लुक् आहे. दाब आणि रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती त्यातून जातात आणि जाताना आपले कार्यही घेऊन जातात. उरलेल्या समीकरणांत त्यांचा तकार शिल्लक राहत नाही. हे दूषण नव्हे. पाणिनीला लुक् हवा होता म्हणूनच त्याने तो सांगितला. प्रश्न एवढाच, की ज्या प्रश्नाचे उत्तर दाबात आहे तो प्रश्न या प्रतिमानाला विचारला जातो काय. व्यवहारात नियंत्रण-केंद्रांनी यावर एक तोडगा काढला आहे: दाबाची मर्यादा मेगॅवॅटच्या मर्यादेत भाषांतरित करावयाची, अमुक वाहिनीगटातून अमुक मेगॅवॅटच्या वर जाऊ द्यावयाचे नाहीत असे ठरवावयाचे. भाषांतर ज्या दिवशी केले त्या दिवशी ते बरोबर असते.

भारतातील एक प्रसंग येथे विचारार्ह आहे. २०१२ सालच्या ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली आणि पाठोपाठ उत्तर विभागाचे जाल कोसळले. ३१ जुलैला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग अंधारात गेले. पहिल्या दिवशी त्या वाहिनीवर कोणताही दोष निर्माण झालेला नव्हता, असे चौकशीत दिसून आले. वाहिनीचे रक्षण करणारा रिले दाब भागिले प्रवाह या गुणोत्तरावरून दोष जवळ आहे की दूर ते ठरवितो. प्रवाह फार वाढला आणि दाब खाली आला की गुणोत्तर आक्रसते, आणि जड भार हाच रिलेला दूरच्या दोषासारखा भासतो. रिलेचे हे वाचन म्हणजेही एक संक्षेपच. दोन राशींच्या जागी एक गुणोत्तर. आता हेच गणित डीसी प्रतिमानावर बेतले तर काय होईल? भाजकाचा अंदाज मिळेल, पण भाज्य कायमचा एक धरलेला असल्याने गुणोत्तर नेहमी फुगलेले दिसेल, आणि रिले शांत राहील असे उत्तर येईल. त्या दिवशीची आपत्ती कोणत्याही गणिती प्रतिमानाने ओढवली असे येथे सुचवावयाचे नाही. तिची कारणे नियोजनात, शिस्तीत आणि जादा वीज ओढण्यात होती. प्रश्न प्रतिमानाच्या व्याकरणाचा आहे: काही वाक्ये त्यात रचताच येत नाहीत, आणि न रचता येणारे वाक्य खोटे ठरलेले नसते.

याउलट, वगळण्याची निवड प्रश्नाकडे पाहून केली तर किती काम भागते, याचे उदाहरण बॅरन आणि वू यांच्या १९८९ च्या वितरणजालविषयक लेखनात आहे. शहरी वितरणाच्या तारांत आणि केबलींत रोध रिअ‍ॅक्टन्सच्या मानाने नगण्य नसतो, कित्येकदा वरचढच असतो; तेथे डीसी प्रतिमानाची पहिली अटच कोसळते. त्यांच्या समीकरणांतून पुढे जे सोपे रूप रूढ झाले त्यात शक्तिहानी सोडून दिलेली आहे, पण दाब राखलेला आहे. कारण गल्लीच्या टोकाच्या घरात दाब किती पोचतो हाच तेथला मुख्य प्रश्न. दोन्हीकडे समीकरणे एकघातच. तरी एकाने जे फेकले ते दुसऱ्याने जपले.

मराठी परिभाषेचा प्रश्न यातून सरळ उद्भवतो. ‘डीसी लोड फ्लो’चे ‘एकदिश भारप्रवाह’ असे भाषांतर करण्याचा मोह कोणालाही होईल. ते टाळले पाहिजे. इंग्रजीत ती निदान इतिहासजमा झालेल्या फळ्याची आठवण आहे. मराठीत ती निव्वळ असत्य ठरेल, आणि तेही अशा प्रदेशात जेथे खरा एकदिश दुवा अस्तित्वात आहे. चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची वाहिनी खरोखरच एकदिश प्रवाह नेते. भद्रावती येथे पश्चिम आणि दक्षिण विभागांची जाले एकदिश दुव्याने जोडलेली आहेत, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे जाल उरलेल्या देशाशी एकतालात येईपर्यंत असे दुवे हाच त्या दोन जालांमधला मार्ग होता. भद्रावतीच्या अभियंत्याला ‘एकदिश भारप्रवाह’ या शब्दाने काय समजावे? ‘कलाकोनी भारप्रवाह’ हा शब्द अधिक निर्दोष वाटतो. प्रतिमानाने काय राखले ते तो सांगतो. जेथे आधारस्थितीवरून स्थिरांक बेतले असतील तेथे ‘साधार’ आणि जेथे तसे नसेल तेथे ‘निराधार’ हे विशेषण लावल्यास २००९ च्या निबंधातील भेदही नावात येईल. ‘निराधार’ शब्दाला येणारी किंचित करुण छटा येथे गैरसोयीची नाही.

क्रॉनच्या क्रियेला ‘क्षपण’ म्हणावे की ‘लोप’, याविषयी मतभेद संभवतो. ‘क्षपण’मध्ये घटण्याचा, झिजण्याचा भाव आहे, आणि वर पाहिल्याप्रमाणे गाठी घटल्या तरी वाहिन्या वाढतात. ‘लोप’ शब्दाला मराठी बोलण्यात समूळ नाहीसे होण्याचा अर्थ चिकटला आहे, म्हणजे व्याकरणातला अर्थ सोडून नेमका लुक्‌चाच अर्थ लोकांनी त्याला दिला आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तो शब्द नेमका उलट्या बाजूने समजेल. ‘मुरवण’ हा घरगुती शब्द या दोहोंपेक्षा सरस आहे. लोणच्यात मीठ मुरते तेव्हा ते दिसत नाही, आणि नसतेही असे नव्हे. विद्यापीठीय परिभाषेला तो कितपत रुचेल हे सांगणे कठीण. ‘गाठ मुरवणे’ हा प्रयोग मात्र पहिल्या तासाच्या वर्गात करून पाहण्यासारखा आहे.